फोटोतलं नाव फोटोतच राहू दे

आमच्या घरच्या जुन्या फोटोंमधली बरीच माणसं आता फक्त आत्यालाच ओळखू येतात. अण्णा नाहीत, मोठे काका नाहीत, आणि आत्याचंही वय झालंय, म्हणून फोटो नीट लावायचं काम मी "सवड मिळाली की बघू" मधून काढून रविवारच्या दुपारचं पक्कं करून टाकलंय. सोलापुरात साखर पेठेत तिच्याकडं जायचं, लॅपटॉप उघडायचा, ती सांगणार आणि मी टाईप करणार. ओळखीतले बरेच जण विचारतात की एवढ्या ढिगातनं तुला पाहिजे तो फोटो सापडतो कसा, तर सगळं एकदाच इथं लिहून टाकते, थोडं लांबेल पण लांबू दे.

माझं म्हणणं एवढंच आहे की फोल्डरकडून फक्त तारखेचं काम घ्यायचं आणि बाकी सगळं, म्हणजे फोटोत कोण आहे, कुठला आहे, कशाचा आहे, काढला कुणी, हे त्या फोटोच्या फाइलच्या आत लिहून ठेवायचं. यालाच मेटाडेटा म्हणतात. फाइल कुठंही गेली, पेन ड्राइव्हवर, पुण्याला, बेंगळुरूला, तरी ती माहिती तिच्यासोबत जाते.

आधी फोल्डरचं बघू. बहुतेकांच्या कॉम्प्युटरवर काय असतं, "गड्डा" (म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा) नावाचा एक फोल्डर, "आत्या" नावाचा एक, "लग्नं" एक, "जुना मोबाईल" एक आणि "न्यू फोल्डर" दोन-चार. आता गड्ड्यात आत्या नंदीध्वजाला, म्हणजे यात्रेतल्या उंच काठीला, हात जोडून उभी आहे तो फोटो कुठं टाकणार? दोन्हीकडं टाकला तर डुप्लिकेट वाढत जातात, एकीकडं टाकला तर दुसरीकडं शोधताना सापडत नाही. फोटोवर शब्द कितीही लावता येतात पण फोल्डरात तो एकाच जागी राहतो, आणि प्रत्येक फोटोला ठरलेली अशी एकच गोष्ट असते ती म्हणजे तो कधी काढला. म्हणून माझ्याकडं वर्षाचे फोल्डर आणि त्यांच्या आत कार्यक्रमाचे, नाव लिहिताना आधी वर्ष मग महिना मग दिवस, म्हणजे २०१९-०१-१४ आणि पुढं "गड्डा अक्षता सोहळा". वर्ष पुढं ठेवलं की कॉम्प्युटर आपोआप ओळीनं लावतो, आपल्या नेहमीच्या सवयीनं १४-०१-२०१९ लिहिलं तर सगळ्या वर्षांच्या चौदा तारखा एकमेकींना चिकटून बसतात. ही पद्धत आयएसओ ८६०१ नावाच्या आंतरराष्ट्रीय मानकात १९८८ पासून आहे. मी इथं आकडे देवनागरीत लिहितेय पण फोल्डरच्या नावात ते इंग्रजीच ठेवा, कारण कॅमेऱ्याकडून येणारी नावं इंग्रजी आकड्यांत असतात आणि दोन्ही मिसळले की क्रम बिघडतो.

फाइलच्या नावाचंही तसंच. कॅमेरा डीएससी किंवा आयएमजी असं काहीतरी लिहून पुढं चार आकडे टाकतो, ते ९९९९ पर्यंत गेले की परत ०००१ पासून सुरू. म्हणजे २०१२ चा एक ०४५१ आणि २०१६ चा एक ०४५१, दोन्ही एका फोल्डरात कॉपी करायला गेलं की कॉम्प्युटर विचारतो बदलू का, आणि घाईत कुणी हो म्हटलं की एक फोटो कायमचा गेला. त्यामुळं कार्डवरून उतरवून घेतानाच नाव बदलून तारीख आणि वेळ टाकायची, हे एकगठ्ठा होतं, एकेक करत बसावं लागत नाही.

आता मेटाडेटा. फोटोच्या फाइलमध्ये साधारण तीन प्रकारची माहिती बसते. पहिली एक्झिफ, ती कॅमेरा किंवा मोबाईल स्वतःच लिहितो, तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल, शटर, प्रकाशाची संवेदनशीलता (तिलाही आयएसओच म्हणतात), आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश. हे मानक जपानमध्ये १९९५ ला आलं. दुसरी आयपीटीसी, ही वर्तमानपत्रं आणि वृत्तसंस्थांच्या जगातनं आली, त्यांना फोटोसोबत ओळ, फोटोग्राफरचं नाव, शहर हे पाठवायला लागायचं म्हणून. तिसरी एक्सएमपी, अडोबीनं २००१ मध्ये आणली आणि २०१२ मध्ये तिचंही आयएसओ मानक झालं. आपल्याला ही सगळी नावं पाठ करायची गरज नाही, पण मराठीत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र नक्की लक्षात ठेवायची. एक्झिफमधला वर्णनाचा रकाना मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठीच होता, युनिकोडची, म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिप्यांची, सोय त्यात २०२३ च्या ३.० आवृत्तीत आली, म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरमधनं तिथं देवनागरी लिहिलं की प्रश्नचिन्हं नाहीतर चौकोन दिसू शकतात. एक्सएमपीत मात्र देवनागरी व्यवस्थित बसतं, तेलुगू-कन्नडही बसतं, आणि सोलापुरात या तिन्ही भाषा एकाच वाड्यात असतात म्हणून हे महत्त्वाचं. तेव्हा कामाला लागण्याआधी एका फोटोत "सिद्धेश्वर तलाव" लिहा, सेव्ह करा, तीच फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा. अक्षरं नीट दिसली की मगच पुढचे हजार फोटो हातात घ्या.

आणि हे लिहायचं ते फाइलमध्येच, प्रोग्रॅमच्या पोटात नाही. यावर मी जरा जास्त बोलते हे मला माहीत आहे पण इथंच लोकांची मेहनत वाया जाते. बरेच प्रोग्रॅम तुम्ही टाकलेली नावं स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतात, स्क्रीनवर सगळं छान दिसतं, पण फाइल उचलून दुसरीकडं नेली की कोरी. गूगलचा पिकासा हा फोटोंचा प्रोग्रॅम कितीतरी घरांत होता, २०१६ मध्ये तो बंद झाला. गूगल फोटोजमध्ये तुम्ही वर्णन लिहिलंत तर ते फोटोच्या फाइलमध्ये जात नाही, टेकआउट या गूगलच्याच सोयीनं सगळं उतरवून घेतलं की ते वेगळ्या जेसन फाइलमध्ये येतं, ते परत फोटोत भरायचं म्हणजे वेगळा उद्योग. प्रोग्रॅम येतील जातील, जेपेग फाइल मात्र कुठंही उघडेल, म्हणून नाव तिच्यातच.

मी डिजीकॅम हा फोटो लावायचा प्रोग्रॅम वापरते, फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. त्याच्या सेटिंगमध्ये मेटाडेटाच्या विभागात जाऊन टॅग, वर्णन, चेहऱ्यांची नावं फाइलमध्ये लिहायचं टिक आहे का ते आधी बघायचं. चेहऱ्याभोवती चौकोन काढून नाव देता येतं आणि तो चौकोनसुद्धा फाइलमध्ये जातो, चेहरे ओळखायचं काम आपल्याच कॉम्प्युटरवर होतं, फोटो बाहेर कुठं जात नाहीत. एकगठ्ठा कामासाठी एक्झिफटूल, फिल हार्वे नावाच्या माणसानं २००३ पासून बनवत आणलेलं, तेही फुकट, दिसायला काळ्या खिडकीतलं पण त्याच्याइतकं पक्कं दुसरं काही मी बघितलं नाही. हे दोन्ही नको असेल तर विंडोजमध्ये फोटोवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तिथंही टायटल आणि टॅग लिहिता येतात. रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) असेल तर माहिती शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये जाते, ती जोडी मोडायची नाही, एवढं बास.

आता आत्याकडं काय चालतं ते सांगते. तिच्या पेटीतले प्रिंट मी ६०० डीपीआयला स्कॅन करते, पुढची बाजू आणि मागची बाजूसुद्धा. मागची बाजू स्कॅन करायला लोक कंटाळा करतात, पण खरी माहिती तिथंच असते. एक फोटो आहे, पोस्टकार्डाएवढा, कडा लाटांसारख्या कापलेल्या, मागं स्टुडिओचा जांभळा शिक्का, त्यातलं नाव पुसलंय पण "नवी पेठ, सोलापूर" एवढं वाचता येतं, आणि खाली पेन्सिलीनं "गड्डा ७४". पुढं पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, मधून नंदीध्वजाची काठी आभाळात गेलेली, आणि डाव्या कोपऱ्यात गर्दीच्या पुढं घुसलेला एक पोरगा, चेहरा निम्मा टोपीखाली. मी आधी त्या पोराला "ओळख बाकी" टाकून पुढं निघाले होते. आत्यानं थांबवलं. "जरा मोठं कर की गं ते," म्हणाली, आणि झूम केल्यावर लगेच, "अगं हे तुझे अण्णा! ती टोपी बघ, मोठ्या दादाची आहे, ह्याला कानापर्यंत यायची, तरी काढायचा नाही डोक्यावरची." मी तसंच्या तसं वर्णनात लिहिलं, टोपीसकट. फक्त अण्णांचं नाव लिहून भागलं असतं, पण ओळखलं कशावरनं हे लिहिलं की उद्या कुणी शंका घेतली तर त्याला टोपी बघता येते.

त्याच फोटोत मागं एक बाई आहे, कडेवर मूल. आत्याला तिचं नाव आठवेना. "शेजारच्या तेलुगू घरातली सून, मागावर लई चांगला हात होता तिचा," एवढंच. तेही लिहायचं. नाव नाही म्हणून रकाना कोरा ठेवायचा नाही, आणि "ओळख बाकी" हा टॅग काढायचा नाही, म्हणजे पुढं त्यांच्या घरातलं कुणी भेटलं की तेवढेच फोटो एका क्लिकमध्ये काढून दाखवता येतात.

नावं कशी लिहायची यावर मी बराच विचार केला. टॅगमध्ये आत्या, काकू, मावशी लिहून चालत नाही, माझी आत्या माझ्या मुलीची आजी लागते, आणि अजून तीस वर्षांनी बघणाऱ्याला ती कोण ते कळणारही नाही. म्हणून पूर्ण नाव, आणि बायकांच्या बाबतीत माहेरचं आणि सासरचं दोन्ही. आपल्याकडं लग्नात आडनाव तर बदलायचंच पण कितीतरी घरांत पाळण्यातलं नावही बदलायचे, मग एकच बाई लग्नाआधीच्या फोटोत एका नावानं आणि नंतरच्या फोटोत दुसऱ्याच नावानं, शोधणाऱ्याला वाटणार या दोघी वेगळ्या. मी दोन्ही नावं एकाच माणसाच्या टॅगमध्ये ठेवते आणि घरातली हाक वर्णनात लिहिते. फोटो कुणी काढला त्याचाही रकाना असतो, तो लोक रिकामा सोडतात. अण्णांनी काढलेल्या फोटोंत अण्णा कधीच दिसत नाहीत, त्यांचं नाव तिथं तरी असायला पाहिजे.

शब्दांचंही ठरवून घ्या. गड्डा, सिद्धेश्वर यात्रा, सिद्धरामेश्वर यात्रा, तिन्ही एकच, तसंच काठी आणि नंदीध्वज. मनात येईल तसं लिहीत गेलं की निम्मे फोटो एका शब्दाखाली आणि निम्मे दुसऱ्याखाली. एक वही केलीय, त्यात ठरलेले शब्द लिहिलेत, नवा शब्द लागला की आधी वहीत. ठिकाणांची नावं वरून खाली, सोलापूर, मग पेठ, मग जागा, उदाहरणार्थ सोलापूर, सिद्धेश्वर मंदिर, सम्मती कट्टा. जिथं नाव बदललंय तिथं दोन्ही ठेवते, तुळजापूरच्या जुन्या फोटोंवर उस्मानाबादही आहे आणि धाराशिवही.

जुन्या फोटोंची तारीख हा सगळ्यात गोडीचा भाग आहे, यात माझे तासच्या तास जातात आणि त्याचं मला काही वाटत नाही. स्कॅन केल्यावर फाइलमध्ये तारीख पडते ती स्कॅन केल्याची, म्हणजे १९७४ चा गड्डा आजच्या फोटोंत जाऊन बसतो, ती आधी बदलायची. खरी तारीख आत्या कधी सांगत नाही, ती सांगते "दुष्काळाच्या साली", म्हणजे १९७२. "किल्लारीच्या आधी", म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाच्या आधीचा. गड्ड्याचं सोपं असतं, यात्रा संक्रांतीला धरून असल्यामुळं महिना जानेवारीच आणि दिवसही त्या चार-पाच दिवसांतलाच, अक्षता असेल तर १४, होम असेल तर १५, शोभेचं दारूकाम असेल तर १६. दिवाळी-पाडव्याला मात्र तिथी, त्याला त्या वर्षाचं पंचांग काढावं लागतं, आणि दाते पंचांग तर आपल्या सोलापुरातनंच निघतं, आत्याकडं जुन्या अंकांची एक गड्डी जपून ठेवलेली आहे, ती आता खरी कामाला आली. फोटोच्या मागं काय दिसतंय तेही बघायचं. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी मागं उभी असेल तर फोटो जून २०२३ च्या आधीचा, कारण तेव्हा ती विमानतळासाठी पाडली. अलीकडच्या मोबाईल फोटोंनासुद्धा हे लागू पडतं, व्हॉट्सॅपवरून आलेल्यांना तर हमखास.

दिवस कळलाच नाही आणि फक्त वर्ष माहीत असेल तर काय? एक्सएमपीत नुसतं वर्ष किंवा वर्ष-महिना लिहायची परवानगी आहे, पण बऱ्याच प्रोग्रॅमना ते कळत नाही. मी त्या वर्षाची १ जानेवारी टाकते आणि "तारीख अंदाजे" असा टॅग लावते, आणि अंदाज कशावरून ते वर्णनात. हा टॅग नसेल तर वीस वर्षांनी कुणीतरी शपथेवर सांगेल की आमचं अमुक लग्न १ जानेवारीला झालं.

डिजिटल कॅमेऱ्याची तारीख तरी बरोबर असते असं समजू नका. भावानं एका वर्षी काढलेले गड्ड्याचे फोटो बघत होते, दारूकामाचे फोटो, आभाळभर चक्रं आणि झाडं, तलावात त्याचं प्रतिबिंब, सगळं काळंकुट्ट, आणि वेळ काय तर सकाळी ८:४०. घड्याळ लावताना सकाळ-रात्रीची अदलाबदल झालेली. पण यात एक चांगलं असतं, घड्याळ चुकलेलं असलं तरी सगळ्या फोटोंत सारखंच चुकलेलं असतं, त्यामुळं एका फोटोची खरी वेळ सापडली की बाकी सगळे तेवढ्याच फरकानं सरकवता येतात, एक्झिफटूल हे एका ओळीत करतं. बारा तास पुढं सरकवल्यावर मिरवणूक, होम, दारूकाम सगळं आपापल्या जागी जाऊन बसलं. मात्र तारीखही बघायची, रात्री बारानंतरचे फोटो दिवस बदलतात.

व्हॉट्सॅपचं तर सगळ्यांना सांगून सांगून माझं तोंड दुखतं. तिथनं फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि आतली माहिती निघून जाते, तारीख, लोकेशन, नावं, सगळं. फाइलच्या नावात जी तारीख दिसते ती पाठवल्याच्या वेळची, काढल्याची नाही. त्यामुळं मामेभावाकडनं, नणंदेकडनं जुने फोटो मागवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा असं मी लिहूनच टाकते, तसं पाठवलं की फाइल जशीच्या तशी येते. जे आधीच आलेत त्यांना निदान नावातली तारीख आत भरून घ्यायची आणि "तारीख अंदाजे" लावायचा.

बॅकअपचं थोडक्यात. पीटर क्रोग या फोटोग्राफरनं रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम आहे, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. माझी एक लॅपटॉपवर, एक क्लाउडवर, आणि एक हार्ड डिस्क पुण्याला चुलत बहिणीकडं. घरातली डिस्क असेल तर माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नका, आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच त्रेचाळीस-चव्वेचाळीस असतं, पत्र्याखाली काय होत असेल बघा. वर्षातून एकदा डिस्क लावून दहा-वीस फोटो उघडून बघायचे.

पुण्याच्या बहिणीनं डिस्क लावली तेव्हा तिच्याकडं डिजीकॅम नव्हतं, दुसराच कुठला तरी प्रोग्रॅम होता, त्यात तिनं "नंदीध्वज" टाईप केलं आणि सगळी वर्षं समोर आली, नावांसकट, टोपीच्या गोष्टीसकट. तिनं लगेच फोन केला, आणि फोनवरच एक मागणीही केली, की तिची मुलं शोधताना इंग्रजीत टाईप करतात तर नावं इंग्रजी स्पेलिंगमध्येपण टाक. मागणी रास्त आहे. आता मी एक्सेलमध्ये यादी करतेय, एका रकान्यात मराठी नाव आणि शेजारी इंग्रजी स्पेलिंग, आडनावाचं स्पेलिंग ज्याच्या त्याच्या घरात लिहितात तसंच, आमच्यातच एका आडनावाची तीन स्पेलिंगं निघाली आणि तिन्ही ठेवावी लागणार आहेत. यादी पूर्ण झाली की एक्झिफटूलनं ती एकदम सगळ्या फोटोंत भरता येते, आणि यादीची फाइलपण डिस्कवर फोटोंच्या शेजारीच ठेवणार आहे.